रंगाखालचं काम

सावंतवाडीच्या चितारआळीत शिरलं की आधी रंग दिसतात. लाकडी आंबे, केळी, वांगी, त्यांच्या शेजारी वेलबुट्टीचे पाट आणि चौरंग, आणि एखाद्या कपाटात रंगवलेल्या डब्यात नीट रचून ठेवलेला गंजिफांचा संच. लाल, पिवळा, हिरवा, काळा, सगळे रंग ठसठशीत. गिऱ्हाईक नक्षी बघतं आणि किंमत विचारतं. जाणता माणूस मात्र वस्तू उजेडात तिरकी धरतो, तिच्यावरून अंगठा फिरवतो, मग उलटी करून पाठ बघतो. रंग किती वर्षं टिकेल याचा अंदाज नक्षीवरून येत नाही. रंगाखाली काय आहे आणि पाठीमागे काय केलं आहे, त्यावरून येतो.

या प्रकरणात आपण दिवाळीसाठी भिंतीवर लावायचं एक लाकडी लटकन घरी करणार आहोत. एकाखाली एक अशा तीन गोल चकत्या: वरची २० सेंटिमीटर व्यासाची, मधली १५ आणि खालची १०. त्यांच्यावर गंजिफांच्या धाटणीची रंगीत चित्रं, आणि तिन्ही एका दोरीत ओवलेल्या. चित्र काढायला जितका वेळ लागेल, त्याच्या कितीतरी पट वेळ चित्राखालची जमीन तयार करायला लागेल. तो वेळ वाचवायचा मोह होतोच. म्हणून इथे प्रत्येक पायरीमागचं कारण सविस्तर सांगणार आहे.

गंजिफाच का, ते आधी सांगतो. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, आपल्याकडे बहुधा गोल. मोगलांबरोबर हा खेळ हिंदुस्थानात रुजला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली संचात आठ रंगांचे मिळून ९६ पत्ते असत. पुढे त्याला दशावतारांचं रूप मिळालं: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा पानं. या दहा पानांवर देव नसतो, त्याचं चिन्ह असतं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. सात्त्याच्या पानावर सात चिन्हं गोलात अशी बसवायची की पान भरल्यासारखं वाटलं पाहिजे आणि खेळणाऱ्याला न मोजता सात कळले पाहिजेत. थोड्या जागेत, थोड्या रेषांत, लांबून ओळखू येईल असं चित्र काढण्याची ही पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम आहे. भिंतीवरच्या वस्तूलाही नेमकं हेच लागतं.

विसाव्या शतकात छापील पत्त्यांपुढे हा खेळ मागे पडला आणि सावंतवाडीत गंजिफा रंगवणारे हात जवळजवळ उरले नाहीत. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिरांना गाठून त्यांच्याकडून ही कला समजून घेतली आणि राजवाड्यात नव्या चित्रकारांना बसवून ती पुन्हा सुरू केली. आज आपण घरी बसून या चित्रांचा आधार घेऊ शकतो तो त्यांच्या त्या चिकाटीमुळे. हे ऋण मनात ठेवूनच ब्रश उचलावा असं मला वाटतं.

आता लाकूड.

सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड वापरत आले आहेत. ते हलकं आणि मऊ असतं, सहज कोरता येतं. पुण्यामुंबईत पांगारा मिळणं कठीण, म्हणून वखारीतून सागाची १२ मिलिमीटर जाडीची सुकी फळी आणावी. तिन्ही चकत्या सागाच्या केल्या तर मिळून साधारण अर्ध्या किलोच्या आत वजन होतं, साध्या खिळ्याला ते पेलतं. कापून देण्याचं काम ओळखीच्या सुताराकडे द्यायला काहीच हरकत नाही. फळी निवडताना मात्र स्वतः उभं राहावं आणि ती टोकाकडून बघावी. कापलेल्या टोकावर वर्षवलयांच्या रेषा दिसतात. त्या कमानीसारख्या आडव्या पसरल्या असतील तर फळी ओंडक्याच्या कडेची आहे. जवळजवळ उभ्या असतील तर ती गाभ्यातून अरीय दिशेने कापलेली आहे. दुसरी घ्यावी. कारण असं.

लाकूड झाडापासून तुटलं तरी हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं थांबवत नाही. हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ३० टक्क्यांवर उतरली की ते ६ टक्क्यांच्या आसपास येतं. पाणी आलं की लाकूड फुगतं, गेलं की आकसतं. पण सगळ्या दिशांना सारखं नाही. तंतूंच्या लांबीत हा फरक इतका कमी की तो सोडून द्यावा. रुंदीत तो भरपूर असतो, आणि वर्षवलयांच्या कडेकडेने तो अरीय दिशेच्या दुप्पटीहून जास्त असू शकतो. साग हे या बाबतीत अतिशय शहाणं लाकूड मानलं जातं. तरीही ओल्या अवस्थेतून पूर्ण सुकेपर्यंत तो वलयांच्या दिशेने ५.८ टक्के आणि अरीय दिशेने २.५ टक्के आकसतो.

याचा आपल्या चकतीशी हिशेब मांडू. भर पावसात सावंतवाडीत केलेली २० सेंटिमीटरची चकती नागपूरच्या मावशीकडे पाठवली. मे महिन्यात तिथल्या कोरड्या हवेत तिच्यातला ओलावा १६ वरून ६ टक्क्यांवर आला. कमानीच्या रेषांच्या फळीतून कापली असेल तर ती एका बाजूने जवळजवळ ४ मिलिमीटर आकसेल. दुसऱ्या बाजूने जशीच्या तशी राहील. गोल चकती अंडाकार झाली. डोळ्यांना ते कदाचित कळणार नाही, पण वरच्या रंगाला कळतं, कारण रंगाचा थर इतका आकसू शकत नाही. तो तंतूंच्या दिशेने बारीक रेषांत सुटतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या रेषा रुंदावतात. उभ्या रेषांच्या फळीतून कापलेली चकती त्याच परिस्थितीत पावणेदोन मिलिमीटरच हलते. परदेशी असलेल्या मुलांकडे असं लटकन पाठवायचं असेल तर हे जास्तच लक्षात ठेवावं, कारण थंडीत हीटर चालू असलेल्या घरात हवा आपल्या उन्हाळ्याइतकी कोरडी होऊ शकते.

दिवाळी नेमकी पावसाळ्याच्या पाठीवर येते, ही आपली खरी अडचण. भाद्रपदात घरातलं लाकूड वर्षातलं सगळ्यात ओलं असतं. म्हणून मी असा क्रम सुचवतो. अनंत चतुर्दशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण दीड महिना मिळतो. गणपती गेले की फळी आणावी, चकत्या कापून घ्याव्यात आणि पितृपक्षाचे पंधरा दिवस त्या तशाच घरात ठेवाव्यात, आडव्या, खाली दोन पट्ट्या घालून, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागेल. उन्हात ठेवू नयेत. ऊन वरची बाजू झपाट्याने सुकवतं, खालची ओली राहते आणि चकती वाकते. स्वयंपाकघराच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावं. लागोपाठ चार-पाच दिवस वजन बदललं नाही की लाकूड घराच्या हवेत मुरलं. नवरात्रात अस्तर, दसऱ्यानंतर रंग.

प्लायवूड चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालेल, आणि आकसण्याच्या बाबतीत ते फळीपेक्षा सरस आहे. त्याच्यातले थर एकाआड एक काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक थर शेजारच्या थराला हलू देत नाही. कोकणात राहणाऱ्यांनी आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआर ग्रेडचं, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या डिंकाचं घ्यावं. मात्र कापलेल्या कडेला थर उघडे पडतात, तिथे अस्तर जास्त वेळा लावावं लागतं. बाजारात तयार मिळणाऱ्या एमडीएफच्या चकत्या गुळगुळीत असतात, लहान मुलांच्या हातकामाला सोयीच्या असतात, पण कडेला एकदा पाणी शिरलं की त्या फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. आपल्या पद्धतीत पाण्यातलं अस्तर पाच-सहा वेळा लावायचं आहे, म्हणून मी त्या घेणार नाही.

चकत्या हातात आल्या की आधी भोकं पाडून घ्यावीत. मोठ्या दोघींना वर आणि खाली, धाकटीला फक्त वर. ४ मिलिमीटरचं भोक, कडेपासून किमान १२ मिलिमीटर आत. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा मोडून घ्यायच्या. धारदार कडेवर कोणताही रंग टिकत नाही, कारण तिथे थर आपोआप पातळ होतो. नंतर १२० आणि १८० नंबर, नेहमी तंतूंच्या दिशेने. त्यापुढे जाऊ नये. लाकूड काचेसारखं झालं तर अस्तराला धरायला काही उरत नाही. सागाची धूळ नाकाला झोंबते आणि काहींना अंगावर पुरळ येतं, तेव्हा तोंडावर फडकं बांधूनच घासावं, गॅलरीत बसून.

आता प्रकरणाचा गाभा, अस्तर.

जुन्या चिताऱ्यांचं अस्तर चिंचोक्याच्या खळीचं. चिंचोके भाजून टरफलं काढायची, रात्रभर भिजवायचे, बारीक वाटायचे आणि पाण्यात मंद आचेवर शिजवायचे. चिंचोक्याच्या गरात निम्म्याहून जास्त भाग एका लांबलचक शर्करासाखळीचा असतो. गरम पाण्यात ती साखळी उलगडते, आणि सुकताना शेजारच्या साखळ्यांना आणि लाकडाच्या तंतूंना घट्ट धरते. म्हणून ही खळ इतक्या ठिकाणी दिसते. धनगरांच्या घोंगडीच्या ताण्याला हीच खळ चोळतात. ओडिशाचे पटचित्रकार कापडावर हीच खळ आणि खडूची पूड लावून चित्राची जमीन करतात, आणि सावंतवाडीच्या गंजिफाचं कापडी पानही याच मिश्रणाने कडक होतं. इटलीत सुमारे १४०० साली चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने चित्रकलेची एक हातपोथी लिहिली. तीत लाकडी फळ्यांवर कातड्याच्या सरसात भिजवलेल्या पांढऱ्या पुडीचे किमान आठ हात द्यायला सांगितलं आहे. कारागीर वेगळे, डिंक वेगळा, पण चिकट द्रव आणि पांढरी पूड ही जोडी तीच.

पूड का लागते? नुसता डिंक लावला तर तो सुकताना ताणला जातो आणि तडकतो. त्यात खडूचे कण भरले की ताण कणाकणांत वाटला जातो. शिवाय सुकलेल्या अस्तरात कणांच्या मध्ये हवेच्या बारीक पोकळ्या राहतात. त्यांच्यामुळे ते पांढरंशुभ्र दिसतं आणि वर लावलेला रंग थोडा शोषून घेतं. रंग नुसता वर बसत नाही, आत रुजतो. लाकडावर थेट लावलेला पिवळा सागाच्या तपकिरीमुळे मळकट दिसतो. अस्तरावरचा पिवळा झळझळतो, कारण उजेड रंगातून आत जाऊन पांढऱ्यावरून परत येतो. चितारआळीतल्या त्या ठसठशीत रंगांचं बरंचसं श्रेय त्यांच्या खालच्या पांढऱ्याला आहे.

घरी खळ जरूर करून पाहावी, पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. ती दोन दिवसांत आंबते, म्हणून त्या दिवसापुरतीच करावी. आणि तिला कसर व झुरळं लागतात. पूर्वी त्यासाठी खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी आहे, मुलांच्या घरात नको. पहिल्यांदा करणाऱ्यांनी फेविकॉलचं अस्तर करावं. एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी, आणि त्यात चाळलेली खडूची पूड इतकी की मिश्रण कढीइतकं दाट होईल. ढवळताना फेस येऊ देऊ नये. प्रत्येक बुडबुडा सुकल्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक ठेवून जातो आणि रंग लावेपर्यंत तो दिसत नाही.

खडूच्या आधी एक हात नुसत्या पातळ फेविकॉलचा, एक भाग फेविकॉलला दहा भाग पाणी. यामुळे लाकडाची तहान भागते. हा हात दिला नाही तर लाकूड पहिल्या अस्तरातला डिंक ओढून घेतं आणि वर उरते ती सुटी पूड. हा थर सुकला की लाकडाचे तंतू उभे राहतात, ते १८० नंबरने हलकेच उतरवावेत. मग अस्तराचा पहिला हात बोटांनी चोळून लावायचा, म्हणजे लाकडाच्या छिद्रांत तो शिरतो. पुढचे ब्रशने, एक आडवा, एक उभा. प्रत्येक हात पातळ आणि प्रत्येक हातानंतर पूर्ण सुकवणं. जाड थराची वरची साय आधी सुकते, आतलं ओलं नंतर आकसतं आणि वरची साय फाटते. असे पाच ते सहा हात.

एक नियम मात्र मोडू नये: वरच्या हातात खालच्यापेक्षा जास्त डिंक कधीही असू नये. जास्त डिंकाचा थर सुकताना जास्त ओढतो. तो वर असेल तर खालच्या कमजोर थराला घेऊन उचलला जातो. भांडं घट्ट झालं म्हणून मध्येच थोडं फेविकॉल ओतलं की नेमकं हेच होतं. घट्ट झालं तर थोडं पाणी घालावं.

आणि हे सगळं दोन्ही बाजूंना करायचं. भिंतीकडची बाजू कोण बघणार, असं म्हणून पाठ कोरडी सोडली की पुढची बाजू बंद आणि मागची उघडी अशी चकती तयार होते. ओलावा फक्त मागून येतो आणि जातो, मागची बाजू फुगते, आकसते, आणि चकती ताटासारखी वाकते. पाठीला नक्षी नको, पण अस्तराचे तितकेच हात आणि रंगाचा एक साधा थर हवाच. सुरुवातीला म्हटलं की जाणता माणूस वस्तू उलटी करून बघतो, तो यासाठी.

शेवटचा हात पूर्ण सुकला की ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं. तिरप्या उजेडात धरलं की उंचवटे दिसतात. मग घोटणं. गंजिफाच्या पानांना अकीकाच्या दगडाने घोटत, आपण गुळगुळीत काचेची बाटली आडवी धरून दाबत फिरवावी. स्टीलचा चमचा घेऊ नये, खडू धातूला खरवडतो आणि अस्तरावर करड्या रेघा उमटतात. घोटल्याने कण दाबले जातात, वरचा पापुद्रा घट्ट होतो, आणि त्यावर बारीक ब्रशची रेष फुटत नाही. चांगलं घोटलेलं अस्तर बोटाला थंड लागतं आणि किंचित चमकतं. हे साधलं की अर्ध्याहून जास्त काम झालं. कित्येकांना ही पांढरी चकती इतकी आवडते की रंगवायला हात धजत नाही.

चित्र कोणतं काढायचं? मी दिवाळीच्या दिवसांतूनच निवडलं. वरच्या चकतीवर गाय. वसुबारसेला दिवाळी सुरू होते ती गाय-वासरापासून. शिवाय गंजिफांच्या अनेक संचांत गाय हे कृष्णाच्या पानांचं चिन्ह असतं. दशावतारी गंजिफात दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातात तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा. नरक चतुर्दशीची पहाटही कृष्णाची, तिच्या आदल्या रात्री गोव्यात आणि तळकोकणात नरकासुराचे पुतळे निघतात. मधल्या चकतीवर लक्ष्मीचं कमळ, आणि धाकटीवर एकच पणती. देवांचे चेहरे काढायचा आग्रह धरू नये. चेहऱ्यात एक रेष चुकली तर सगळं बिघडतं, आणि चिन्हांची पानं गंजिफात काही दुय्यम नाहीत.

कडेची नक्षी समान बसण्यासाठी मोजपट्टी लागत नाही. चकतीच्या मापाचा गोल कागद कापायचा आणि चार वेळा बरोबर अर्ध्यात दुमडायचा. उघडल्यावर सोळा समान भाग मिळतात. घड्यांच्या टोकांशी चकतीवर पेन्सिलीचे हलके ठिपके द्यायचे. मोठ्या चकतीवर कडेपासून एक सेंटिमीटर आत वर्तुळ काढलं तर प्रत्येक भाग साडेतीन सेंटिमीटरचा येतो, एक पाकळी आणि दोन ठिपके बसायला तो पुरेसा आहे. सहा पाकळ्यांचं कमळ हवं असेल तर कंपास जितका उघडला आहे तितकाच ठेवून वर्तुळावरच्या एका बिंदूपासून सहा वेळा टोक टेकवत जायचं, सहावं टोक बरोबर सुरुवातीच्या बिंदूवर येतं.

रंगांसाठी पोस्टर कलर घ्यावेत. ॲक्रिलिक जास्त टिकाऊ असतात हे खरं, पण आपल्याला शेवटी लाखेचा हात द्यायचा आहे, आणि इथे जुन्या कारागिरीतलं एक सुंदर तर्कशास्त्र कामी येतं. पोस्टर कलरमधला डिंक पाण्यात विरघळतो, स्पिरिटात नाही. लाख स्पिरिटात विरघळते, पाण्यात नाही. त्यामुळे स्पिरिटातली लाख वरून फिरवली तरी खालची बारीक रेष जागची हलत नाही. ॲक्रिलिकवर तीच लाख घासली तर स्पिरिट रंगाला मऊ करतं. आणि पोस्टर कलरवर पाण्यातलं व्हार्निश लावलं तर दोन आठवड्यांची मेहनत पाच मिनिटांत मिसळून जाते. वरचा थर खालच्या थराला विरघळवणार नाही, इतकं एक तपासून घेतलं की निम्मे अपघात टळतात. घरात उरलेला जुना ऑइल पेंट मात्र अजिबात वापरू नये. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यातल्या पिवळ्यात आणि लालात शिसं किती असेल याचा भरवसा नाही, आणि मुलं या वस्तूंना हात लावणारच.

रंग भरण्याचा क्रम मोठ्याकडून लहानाकडे. आधी सगळ्या चकतीवर पार्श्वभूमीचा एकच सपाट रंग, दोन पातळ हातांत. गायीच्या चकतीला लाल, कमळाच्या चकतीला हिरवा, पणतीला काळा. एवढासाही पांढरा अस्तराचा भाग उघडा ठेवू नये. लाख त्या उघड्या अस्तरात शिरते, कणांमधली हवा जाते आणि तिथे मळकट पारदर्शक डाग पडतो. पांढरी गायसुद्धा पांढऱ्या रंगाने रंगवायची. पार्श्वभूमी सुकली की चित्राचा आकार सपाट रंगात, मग आतले भाग, मग दागिने आणि ठिपके, आणि सगळ्यात शेवटी बाह्यरेषा. रेष मनगटाने ओढू नये, कोपरापासून हात सरकवावा आणि करंगळी चकतीवर टेकवून आधार घ्यावा. आधी कागदावर पानभर रेषा ओढून हात मोकळा करावा. ओल्या रंगावर ओला रंग नेला तर खालचा डिंक पुन्हा विरघळतो, म्हणून दुसरा हात एकदाच फिरवावा, घोळवू नये.

निळा वापरायचा असेल तर आधी तुकड्यावर लाख लावून बघावी. लाखेचा स्वतःचा रंग मधाळ पिवळसर असतो, तिच्याखाली निळा हिरवट होतो आणि पांढरा हस्तिदंती. लाल, पिवळा आणि हिरवा तिच्याखाली उलट उजळतात.

ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारीक कीटकाचा स्राव. रांचीजवळ नामकुम इथे तिच्या संशोधनासाठी १९२४ पासून संस्था आहे. हार्डवेअरच्या दुकानात ती चपडी या नावाने पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळते. १०० मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटात १२ ग्रॅम चपडी टाकून काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावी आणि सुती फडक्यातून गाळून घ्यावी. बाटलीवर तारीख लिहावी. विरघळलेली लाख स्पिरिटाशी हळूहळू संयोग पावते, आणि सहा महिन्यांनंतर ती लावली तर वाळतच नाही, चिकट राहते. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाकून बघावा. मऊ ब्रशने पातळ हात द्यायचा, एका जागेवर दुसऱ्यांदा ब्रश न नेता. असे चार-पाच हात, मध्ये तासाभराची विश्रांती. पावसाळी दमट दिवशी हे काम करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि लाख दुधाळ होते. आणि स्पिरिट झटकन पेटतं, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस बंद आणि देवापुढचं निरंजन दुसऱ्या खोलीत.

ओवायला सुती गोफ घ्यावा. तो भोकातून वर काढून मागच्या बाजूला गाठ मारावी, दोन चकत्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवावं. भोकात अस्तर साचलं असेल तर ओवण्याआधी काडीने मोकळं करावं, नाहीतर दोरी ओढताना कडेचा कपचा उडतो. जागा निवडताना पणत्यांच्या ओळीपासून दूर राहावं. लाख साधारण ७५ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि ज्योतीच्या वरच्या हवेत तितकी उष्णता सहज असते. त्याआधीही तेलाची काजळी तिच्यावर बसते, ती पुसताना चकाकी जाते. बाहेरच्या दारापेक्षा आतल्या भिंतीवर, जिथे थेट ऊन येत नाही तिथे, ते जास्त वर्षं टिकेल. बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला ओल येत असेल तर पाठीमागे बुचाचे दोन तुकडे चिकटवून चकती भिंतीपासून थोडी पुढे ठेवावी.

देवदिवाळीनंतर उतरवून ठेवायचं असेल तर जुन्या सुती साडीत गुंडाळावं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा कोंडतो. प्रत्येक चकती वेगळी गुंडाळावी, कारण उन्हाळ्याच्या उष्म्यात लाखेचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले तर चिकटतात. पुढच्या वर्षी काढल्यावर ओल्या फडक्याने पुसू नये, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी. चकाकी मंद झाली असेल तर ताज्या लाखेचा एक पातळ हात द्यावा. नव्या हातातलं स्पिरिट जुन्या थराला किंचित विरघळवतं आणि दोन्ही मिळून एकच थर होतो, मध्ये सांधा राहत नाही. कुठे टवका उडाला असेल तर तेवढीच जागा अस्तराच्या थेंबाने भरावी, सुकू द्यावी, ३२० नंबरने सपाट करावी, त्याच रंगाचा ठिपका द्यावा आणि वर लाख.